दुसऱ्याचा ताणा

३ मार्च

ताई,

हे पत्र मोठ्याने वाच. कधी नव्हे ते सूत मिळून बाबा मागावर बसलेले असतील तर आणखी मोठ्याने, कारण धोट्याच्या खटखटीत आपल्याला काही ऐकू येत नाही असं ते दाखवतील. त्यांना सगळं ऐकू येतं. लहानपणी मी मागच्या खोलीत डब्याचं झाकण हळूच उघडायचे, ते बरं ऐकू यायचं!

मी गिरणीत गेले म्हणून माझ्याशी जन्मात बोलणार नाही अशी शपथ त्यांनी घेतली आहे. ऐकणार नाही अशी काही घेतलेली नाही. तेव्हा शपथ मोडायचा प्रश्नच येत नाही. हे वाक्य त्यांच्याकडे बघून वाच.

तू लिहिलंस की तीन वर्षांत त्यांनी घरात माझं नाव काढलं नाही, पण टपालवाल्याची सायकल वाजली की तुझ्याआधी दारात जाऊन उभे राहतात. ताई, हे वाचून मी खोलीतल्या बाकीच्या बायकांना उठवलं आणि त्यांनाही वाचून दाखवलं. आम्ही चौघी एका खोलीत राहतो. वरचा मजला, एक खिडकी, ती उघडली की गिरणीचं धुराडं नाकासमोर. खिडकी बंद ठेवली की गुदमरतो, उघडली की काळ्या होतो. आम्ही काळं व्हायचं ठरवलंय.

मी मजेत आहे. दोन माग चालवते. मागांच्या खात्यात आवाज इतका की भांड्यातलं पाणीसुद्धा थरथरत असतं. तिथे ओरडून काही उपयोग नाही. म्हणून आम्ही ओठांनी बोलतो. शब्द ओठांवर नीट मांडायचा आणि आवाज काढायचाच नाही. समोरची ओठ बघते आणि तिला कळतं. आमची आत्या (ती कुणाचीच आत्या नाही, पण सगळ्यांत जुनी आहे म्हणून सगळ्यांची आहे) खात्याच्या या टोकाला उभी राहून त्या टोकाच्या बाईच्या सासूची निंदा करू शकते, आणि मधल्या सगळ्या जणी मान डोलवतात.

आता गंमत ऐक. मालकाने खात्याच्या वरच्या अंगाला काचेची खोली बांधून घेतली आहे. तिथून त्याला आम्ही सगळ्या दिसतो. आत आवाज पोचत नाही, बाहेर आवाज येत नाही, म्हणून मॅनेजरला घेऊन तो तिथे निवांत बोलतो. एवढी गिरणी उभारली त्याने, पण काचेतून दोन्हीकडचं दिसतं हे काही त्याच्या ध्यानात आलेलं नाही. त्याच्या बायकोचं माहेरी जाणं, त्याची अपचनाची तक्रार, सगळं आम्हाला पाठ आहे.

इथपर्यंत मोठ्याने. आता पुढचं मनात वाच.

ताई, गिरणीत एक फिटर आहे. यंत्रांची दुरुस्ती करतो, हातावर कायम तेल. माझे माग हल्ली फार बिघडतात. मी बिघडवत नाही. एवढंच.

आणि दुसरं, बाबांना उगाच काळजी नको. गिरणीच्या पलीकडे नवं खातं बांधून तयार आहे. माग बसवलेत, माणसं घेतलेली नाहीत. असं का, ते कुणी सांगत नाही.

तुझी,
धाकटी

११ मार्च

ताई,

तू वेडी आहेस का गं? ‘आता पुढचं मनात वाच’ हेसुद्धा कुणी मोठ्याने वाचतं? आणि त्यावर बाबा भिंतीकडे बघत म्हणाले, ‘वाच की मग,’ आणि तू वाचलंस!

मी तुझं उत्तर वाचून दोन्ही हातांनी तोंड झाकून बसले. मग हसायला लागले. ते ‘वाच की मग’ भिंतीला म्हणाले असतील, तुला म्हणाले असतील, पण माझ्या पत्राबद्दल म्हणाले ना? माझ्यासाठी तेवढं पुरे. तेलाचे हात ऐकून ते उठून अंगणात गेले आणि बराच वेळ आले नाहीत, हे मात्र तू लिहिलं नसतंस तरी चाललं असतं.

आता मनात वगैरे काही नाही. सगळं मोठ्याने वाच.

नव्या खात्याचं कोडं सुटलं. परवा जॉबरने, म्हणजे आमच्या खात्याच्या मुकादमाने, फळ्यावर नोटीस लावली: पुढच्या महिन्यापासून प्रत्येकीने चार माग चालवायचे. नवे मागही आम्हीच चालवायचे. ज्यांना जमणार नाही त्यांनी घरी जावं.

बाबा, चार माग म्हणजे काय ते तुम्हाला सांगते. दोन मागांच्या मधे उभं राहायचं, एकाकडे तोंड, एकाकडे पाठ. धागा तुटला की पाठीला कळतं. हे शिकायला मला वर्ष लागलं. चार मागांना मात्र पाठी दोन लागतील आणि डोळे डोक्याभोवती. आमच्यातल्या पोरीबाळी पळतील कशाबशा. आत्या काय करणार? तिचे गुडघे जिना चढताना वाजतात. ती म्हणाली, ‘मला चाकं बसवून द्या, मग आठ माग चालवते.’ जॉबरला हसू आवरेना, पण नोटीस काही त्याने काढली नाही.

मग आम्ही काय केलं? काम करत राहिलो आणि काचेकडे बघत राहिलो. काल दुपारी मालक आणि मॅनेजर वर उभे होते. मालकाचं तोंड आमच्याकडे होतं. खात्यातल्या सगळ्या बायकांनी तेच वाचलं, त्यामुळे चूक व्हायचा संभव नाही. तो म्हणाला, ‘ऐकल्या नाहीत तर बाहेर काढ सगळ्यांना. नदीपलीकडे हातमागवाले बसलेत रिकामे. गाड्या पाठव. उपाशी माणूस फार विचारत नाही.’

ताई, नदीपलीकडे म्हणजे आपल्याकडे. रिकामे म्हणजे बाबा.

मी तिथेच थांबले. माझा धागा तुटला तरी कळलं नाही. फिटरने येऊन माग बंद केला.

बाबा, हे आता सरळ तुम्हाला लिहिते. तुमच्या मागाला सूत मिळेनासं झालं ते याच गिरणीमुळे, हे मला माहीत आहे. मी तिच्यात कामाला गेले तेव्हा तुम्हाला काय वाटलं असेल तेही माहीत आहे. तुम्ही म्हणाला होता, ‘ज्या जात्यात आपण भरडलो तेच फिरवायला निघालीस.’ तेव्हा मला राग आला होता. अजूनही थोडा आहे. पण आता ते तुमच्या दारात येतील आणि माझ्या जागेवर तुम्हाला उभं करतील. तुम्ही येऊ नका.

ताई, हे दोनदा वाच.

धाकटी

१९ मार्च

ताई,

आम्ही उठलो!

मंगळवारी सकाळी जॉबर एकेकीला विचारत आला, चार की घरी. आत्या पहिलीच.  तिने पट्टा सरकवला, माग थांबवला, हात पुसले आणि चालायला लागली. मग शेजारची. मग तिच्या शेजारची. ताई, ते खातं थांबताना कसं वाटतं ते मी तुला कसं सांगू! एकेक माग गप्प होत गेला आणि शेवटी इतकी शांतता झाली की आम्हाला एकमेकींचे आवाज ऐकू यायला लागले. तीन वर्षं जिच्या शेजारी उभी राहिले तिचा आवाज पुरुषासारखा घोगरा आहे हे मला त्या दिवशी कळलं. आम्ही दोघी तिथेच हसत सुटलो.

एक गोष्ट मात्र मला टोचली. सगळ्यांची कापडं मागांवर अर्धीच राहिली. माझंही. तुला माहीत आहे, आपल्या घरात अर्ध्या कापडावरून कुणी जेवायलासुद्धा उठत नसे, निदान ती पट्टी तरी संपवायची. मी उठले खरी, पण दारापर्यंत दोनदा मागे वळून बघितलं.

आता आम्ही रोज फाटकासमोर असतो. संप म्हणजे मला वाटलं होतं नुसती उदासी. पण इथे भलतीच मजा आहे. दुपार कशी असते हे मी विसरूनच गेले होते. दुपारी उजेड भिंतींवरून खाली उतरतो, मांजरं बाहेर येतात, समोरच्या न्हाव्याच्या दुकानात माणसं उगाच बसलेली असतात. आम्ही गाणी म्हणतो. मालकावर एक रचलं आहे, त्यात त्याचं अपचन आहे. तो खिडकीशी आला आणि आमचं ऐकून परत आत गेला. त्याला हे कुणी सांगितलं, याचा विचार करत बसला असेल.

दुसऱ्या दिवशी फिटरही बाहेर आला. चार मागांचा प्रश्न विणणाऱ्यांचा, फिटरचा नाही. त्याला कुणी ये म्हटलं नव्हतं. आत्याने विचारलं, ‘तू रे का?’ तो म्हणाला, ‘आत काही बिघडतच नाही.’ सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी धुराड्याकडे बघत राहिले. त्यातून धूर येत नव्हता, तरी बघत राहिले.

तुझं पत्र काल मिळालं. म्हणजे आलाच तो माणूस. चकचकीत बूट, हातात छत्री, ओसरीवर बसून गोड बोलला. नवं खातं उघडतंय, विणकर हवेत, राहायला खोली, लगेच निघा. संपाचं अवाक्षर काढलं नाही. शेजारपाजारचे तयार झालेत. सूत नाही, काम नाही, ते तरी काय करतील? मी त्यांना नावं ठेवत नाही.

पण बाबांना सगळं माहीत आहे. तू सगळं वाचून दाखवलंस. आणि तरी ते नुसता धोटा पुसत बसले, असं तू लिहितेस. धोटा का पुसत होते गं? सूत नाही तर धोटा कशाला पुसायचा?

इथल्या कुणाला मी सांगितलेलं नाही की येणाऱ्यांत माझे वडील असू शकतात. तोंडापर्यंत येतं आणि परत जातं. बाकीच्या म्हणतात, ‘येऊ देत त्या भुकेल्यांना, बघून घेऊ.’ मीही मोठ्याने म्हणते, बघून घेऊ.

ताई, ते आले तर मी काय करू?

धाकटी

२२ मार्च

ताई,

तुझी चिठ्ठी मिळाली. बाबा गाडीत बसले. विचारलंस तर म्हणाले, ‘बघून येतो.’

काय बघून येतात? मला?

माझा राग नाकाच्या शेंड्यावर आहे. आज आत्याला सांगून टाकलं. ती म्हणाली, ‘म्हणजे आता तुझा बाप आणि माझे गुडघे, दोघांचा निकाल एकाच दिवशी.’ मग माझा हात तिने बराच वेळ धरून ठेवला.

उद्या पोचतील म्हणतात.

२४ मार्च

ताई,

बसून वाच. कालचं सगळं सांगते, मधलं काही गाळत नाही.

सकाळी भोंगा वाजला. इतके दिवस गप्प होता, अचानक वाजला तसे आम्ही सगळे दचकलो. धुराड्यातून धूर निघाला. मग वळणावर गाड्या दिसल्या. मागच्या फाटकाने गुपचूप नेता आल्या असत्या, पण मॅनेजरने मुद्दाम पुढून आणल्या, आमच्या डोळ्यांदेखत.

आपल्याकडची माणसं एकेक करून उतरली. सगळी ओळखीची. आपल्या गल्लीतले ते ताडासारखे उंच काका, त्यांचा पुतण्या, नदीकाठचे दोघे भाऊ. आणि ताई, प्रत्येकाच्या हातात आपापला धोटा! घरून घेऊन आले होते. मॅनेजर त्यावर असा हसला! म्हणाला, ‘हे इथे काय कामाचे? इथे लोखंडी आहेत.’ ते बिचारे धोटे पाठीमागे लपवायला लागले. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

बाबा शेवटच्या गाडीत होते. वाळले आहेत. तू हे लिहिलं नव्हतंस. मी रात्रभर त्यांना काय काय म्हणायचं ते ठरवलं होतं, त्यातलं एक अक्षर आठवलं नाही. नुसतं ‘बाबा’ म्हटलं. त्यांनी बघितलं नाही. माझ्या इतक्या जवळून गेले की त्यांच्या सदऱ्याचा वास आला, आणि फाटकातून आत गेले.

आत्या म्हणाली, ‘रडायचं असेल तर माझ्यामागे उभी राहून रड. मॅनेजरला दिसायला नको.’ आत्या रुंद आहे. मी मागे गेले आणि रडले.

इंजिन सुरू झालं. पायाखालची जमीन थरथरायला लागली. पट्टे फिरायला लागल्याची घरघर आली. आम्ही सगळ्या भिंतीकडे कान लावून उभ्या. आता माग सुरू होणार. एक जरी सुरू झाला असता तरी भिंत वाजली असती. आम्हाला झोपेतसुद्धा ओळखू येतो तो आवाज.

आलाच नाही. नुसती पट्ट्यांची घरघर, आणि थोड्या वेळाने मॅनेजरचं ओरडणं.

आत काय झालं ते उंच काकांनी नंतर सांगितलं. मॅनेजरने प्रत्येकाला एकेक माग नेमून दिला. बाबा त्यांच्या मागासमोर उभे राहिले. मागावर अर्धं कापड. बाबांनी विचारलं, ‘हे कुणाचं?’

मॅनेजर म्हणाला, ‘मालकाचं.’

बाबा म्हणाले, ‘मालकाने विणलं?’

‘विणलं कुणीतरी. तू पुढे चालव.’

‘कुणीतरी म्हणजे कोण? तिला विचारायला हवं.’

तुला काय सांगायला हवं, ताई. दुसऱ्याने मागावर उभे धागे चढवलेल्या ताण्यावर न विचारता हात टाकायचा नाही. आपल्याकडे विणकर तापाने पडला तरी शेजारी आधी त्याच्या उशाशी जाऊन विचारतो आणि मगच त्याचं कापड पुरं करतो. मी स्वतः गिरणीत पहिल्या दिवशी हेच केलं होतं. जॉबरने अर्ध्या कापडाचा माग दिला आणि मी खातंभर फिरत प्रत्येकीला विचारत होते, हे तुमचं का, मी बसू का? सगळ्या पोट धरून हसल्या होत्या. काल मात्र कुणी हसलं नाही.

कारण बाबांचं ऐकून सगळेच थांबले. उंच काका म्हणाले, ‘बरोबर आहे, विचारायला हवं.’ दोघे भाऊ म्हणाले, विचारायला हवं. मॅनेजरने डोकं धरलं. कापड फेकून द्या म्हणाला, तर त्यांनी त्याच्याकडे असं बघितलं की त्याचा आवाजच बसला. अन्न फेक म्हटल्यावर कुणी बघेल तसं. आणि बाबा हात मागे बांधून एकेका रांगेतून चालत गेले, प्रत्येक ताण्यापाशी वाकून बघत. एका मागापाशी थांबले. तुटलेल्या धाग्याला मारलेली गाठ त्यांनी नखाने उचलली आणि म्हणाले, ‘ही आमच्या घरातली गाठ आहे.’

मग ते बाहेर आले. मागून सगळे. फाटक ओलांडून सरळ माझ्यासमोर येऊन उभे राहिले. मी आत्याच्या मागून पुढे आले, डोळे पुसायचेही राहिले होते.

बाबा म्हणाले, ‘खांबाजवळचा ताणा तुझा?’

ताई, तीन वर्षांनी! मी नुसती मान हलवली.

‘काठ ओढलाय.’

मला एवढा राग आला! तीन वर्षांनी तोंड उघडलं ते काठाची खोड काढायला! मी म्हटलं, ‘मशीन ओढतं, बाबा. मी नाही.’

‘मशीनवर ढकलू नकोस.’

‘तुम्ही चालवून बघा मग!’

हे तोंडातून निसटलं आणि मी जीभ चावली.  बाबांनी मॅनेजरकडे एकदा बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाले, ‘तेच विचारायला आलोय. ताणा तुझा. तू म्हणालीस तर बसतो. बसू?’

मी त्यांचे हात बघितले. सूत नाही म्हणून रिकामे राहिलेले. घरात काय आहे आणि काय नाही ते मला तुझ्या पत्रांवरून कळतं, तू लिहीत नाहीस तेही कळतं. मी हो म्हटलं असतं तर त्यांना काम होतं. हे सगळं माझ्या डोक्यातून गेलं, खोटं कशाला सांगू.

मी म्हटलं, ‘नाही, बाबा.’

‘नुसतं पुरं करून देतो.’

‘नाही. तुम्ही नाही, कुणीच नाही.’

बाबा वळले आणि आपल्या माणसांना म्हणाले, ‘नाही म्हणते.’ आणि फाटकासमोरच्या दगडावर जाऊन बसले. जसं काही एवढंच विचारायला इतक्या लांब आले होते.

मग काय विचारतेस! उंच काका पुढे आले, ‘दाराजवळचा, निळ्या पट्ट्यांचा कुणाचा?’ घोगऱ्या आवाजाची म्हणाली, ‘माझा!’ ‘बसू का?’ ‘नाही!’ ते जाऊन बाबांशेजारी बसले. एक भाऊ म्हणाला, ‘कोपऱ्यातला पांढरा?’ ‘माझा! नाही!’ त्याने अजून विचारलंसुद्धा नव्हतं. मग नुसता गलका उडाला. ‘हा कुणाचा’, ‘माझा’, ‘नाही’, ‘हा कुणाचा’, ‘माझा’, ‘नाही’. बायका हसून हसून एकमेकींवर पडत होत्या. आत्याला तिच्या कापडाबद्दल विचारायला एक म्हातारे आले, तर ती म्हणाली, ‘नाही. पण तुम्ही पुन्हा विचारा, बरं वाटतंय.’

मालक वरच्या खिडकीत येऊन उभा होता. त्याचे ओठ हलले. आत्याने वाचून मोठ्याने सांगितलं. ते मी इथे लिहीत नाही, बाबा रागावतील.

तू म्हणशील, बाबांनी हे मुद्दाम केलं की खरंच विचारायला आले? मीही त्यांना विचारलं. ते म्हणाले, ‘दुसऱ्याचा ताणा होता. विचारायला नको?’ यापलीकडे एक शब्द नाही. ताई, तू त्यांना माझ्यापेक्षा जास्त ओळखतेस. तूच सांग.

रात्री आपली सगळी माणसं आमच्यातल्यांच्या खोल्यांतून वाटून राहिली. आमच्या खोलीत बाबा आणि उंच काका. काकांचे पाय दाराबाहेर.

तुझी,
धाकटी

६ एप्रिल

ताई,

मिटलं. चांगलं मिटलं!

मालकाने आणखी लांबच्या गावांना गाड्या पाठवल्या होत्या, पण फाटकासमोरची गोष्ट गाड्यांच्या आधी पोचली आणि त्या रिकाम्या परतल्या. इकडे कापडाचे व्यापारी त्याच्या दारात. शेवटी बोलणी करायला बोलावलं. आत्या गेली, आणखी दोघी गेल्या, आणि आत्याने हट्ट करून बाबांनाही नेलं.

आम्ही मागितलं ते असं: प्रत्येकीला दोनच माग, आणि नव्या खात्यात नदीपलीकडून आलेली हीच माणसं, आमच्याच मजुरीवर. मालक म्हणाला, ती माणसं तर तुमच्या पोटावर पाय द्यायला आली होती, त्यांचा कैवार तुम्ही का घेता? आत्या म्हणाली, ‘आली होती, पण विचारून.’ खूप ओढाताण झाली. मालक दोनदा उठून गेला, दोनदा परत आला. दोन्ही मान्य झालं. एक मागणी राहिली: काम करताना बोललं तर दंड, तो त्याने काढला नाही. राहू दे. आवाज काढतंय कोण?

बाबा नव्या खात्यात लागलेत. ते घरी परततील असं मला वाटलं होतं. रात्री बराच वेळ बोटं मोजत असल्यासारखे बसून होते. सकाळी म्हणाले, ‘सूत तिकडे यायचं नाही. सूत आहे तिथे जायला हवं.’ त्यांना हे सोपं गेलं नाही. मी बघितलंय. पहिल्या दिवशी खात्यात शिरले आणि मागासमोर उभे राहून इकडेतिकडे बघायला लागले. मला वाटलं घाबरले. ते शोधत होते बसायला जागा कुठे आहे. जन्मभर बसून विणलं, इथे उभं राहायचं असतं हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

काम शिकेपर्यंत ते माझ्या मागांपाशी उभे असतात, मी त्यांना शिकवते. ओठांनी बोलणं त्यांना चटकन जमलं, मला वाटतं तीन वर्षं गप्प राहायची सवय कामी आली. चुकलं की मी रागावते, ते ऐकून घेतात आणि मग संध्याकाळी आमच्या खोलीवर जेवायला आल्यावर भांडतात. काल म्हणाले, ‘तो तेलाच्या हातांचा रोज तुझ्याच मागाशी का येतो? माग तर चांगला चालतोय.’ मी भांडी आवरायला घेतली. थोड्या वेळाने म्हणाले, ‘त्याला सांग, एकदा हात धुऊन घरी ये.’ ताई, मी आनंदाने जिन्यावरून पडायची राहिले.

आता ते समोर बसलेत आणि मी काय लिहिते ते विचारतायत. म्हणतात, त्यांचंही लिही. म्हणून पुढचं त्यांचं आहे, ते सांगतील तसं लिहिते.

‘मोठीला आशीर्वाद. घरचा माग विकू नकोस. त्यावर चादर टाकून ठेव, धूळ बसू देऊ नकोस. तुझ्यासाठी खोली बघतोय. मोठी बघतोय. दोन महिन्यांत न्यायला येतो.’

मी विचारलं, आणखी काही? ते उठले. खिडकीतून धुराड्याकडे बघत राहिले. मी लेखणी ठेवून दिली तेव्हा म्हणाले, ‘लिही, मी धाकटीशी बोलतो.’

मी म्हटलं, ‘बाबा, ताईला माहीत आहे ते. मी सगळं लिहिलंय तिला.’

‘ते तू लिहिलंस,’ ते म्हणाले. ‘आता माझं म्हणून लिही.’

मी धाकटीशी बोलतो.